पत्र्याची कड वाचता आली, तर डाय उगाच उतरवावी लागत नाही

मूळ लेख : साचाघर

प्रेस शॉपमध्ये पत्रा पंच (वरचे कापणारे हत्यार) आणि डाय (त्याखालचा साचा; दोन्ही मिळून होणाऱ्या टूललाही डायच म्हणतात) यांच्यामध्ये कापला जातो. तिथे जॉबला, म्हणजे तयार तुकड्याला, बर (कडेची बारीक धारदार किनार) येऊ लागली की बहुतेक ठिकाणी निर्णय ठरलेला असतो: डाय उतरवायची, टूलरूमकडे पाठवायची आणि पंच व डाय दोन्हींना ग्राइंडिंग करून धार लावायची. कधी कधी हा निर्णय बरोबरही ठरतो. परंतु बर येण्याची कारणे अनेक आहेत, बोथट झालेली धार हे त्यांपैकी केवळ एक, आणि उरलेल्या कारणांवर ग्राइंडिंगचा काहीही उपयोग होत नाही. उलट प्रत्येक ग्राइंडिंगला डायच्या आयुष्यातला थोडा भाग कायमचा निघून जातो. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की डायला हात लावण्याआधी जॉबची कड भिंगाखाली पाहावी, कारण पंच आणि डाय यांच्यामध्ये काय घडले याची जवळजवळ सगळी नोंद त्या कडेवर उमटलेली असते.

आधी पत्रा तुटतो कसा ते पाहू. पंच टेकल्याबरोबर पत्रा कापला जात नाही. प्रथम तो दबतो आणि कडेला गोलाई येते. मग पंच पत्र्यात शिरू लागतो, आणि या टप्प्यात धातू पंचाच्या व डायच्या भिंतीला घासला जाऊन कडेवर गुळगुळीत, चकचकीत पट्टा तयार होतो. पुढे एका क्षणी धातूची सोसण्याची ताकद संपते. पंचाच्या धारेपासून एक आणि डायच्या धारेपासून एक अशा दोन चिरा निघतात, एकमेकींकडे धावतात, आणि त्या मिळाल्या की तुकडा सुटतो. चिरेने तुटलेला हा भाग करडा, खरखरीत आणि किंचित तिरपा असतो. त्याच्या टोकाला जी बारीक धारदार किनार उभी राहते ती बर. भोकाच्या कडेवर वरून खाली पाहत गेल्यास गोलाई, चकचकीत पट्टा, तुटलेला भाग आणि तळाशी बर असा क्रम दिसतो. भोकातून पडलेल्या तुकड्यावर, म्हणजे स्लगवर, हाच क्रम उलटा असतो. मऊ पोलादाचा पत्रा असेल, धार चांगली असेल आणि क्लिअरन्स (पंच व डाय यांच्यातील फट) योग्य असेल, तर चकचकीत पट्टा जाडीच्या साधारण एक तृतीयांश भरतो.

त्या दोन चिरा नीट समोरासमोर मिळतात की नाही, हे क्लिअरन्सवर ठरते. मऊ पोलादासाठी एका बाजूला जाडीच्या ५ ते १० टक्के क्लिअरन्स ठेवण्याची पद्धत आहे. २ मिमी पत्र्याला ६ टक्के धरले तर एका बाजूला ०.१२ मिमी आणि व्यासावर ०.२४ मिमी येतात. ड्रॉइंगवर ‘क्लिअरन्स ६ टक्के’ एवढेच लिहून सोडले की तो एका बाजूचा की एकूण, हा प्रश्न डाय बनवणाऱ्याच्या अंदाजावर जातो, आणि तो अंदाज चुकला तर डाय निम्म्या किंवा दुप्पट क्लिअरन्सची तयार होते. हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की टक्केवारीऐवजी ‘एका बाजूला ०.१२ मिमी’ असे स्पष्ट लिहावे असे मला कळकळीने वाटते. क्लिअरन्स कोणाच्या मापातून घ्यायचा हेही ठरलेले आहे: बाहेर पडणारा ब्लँक, म्हणजे कापून निघालेला तुकडा, हाच जॉब असेल तर डायचे माप जॉबचे माप धरतात आणि पंच लहान करतात, भोक हवे असेल तर पंचाचे माप भोकाचे धरतात आणि डाय मोठी करतात.

क्लिअरन्स कमी पडला तर दोन्ही चिरा एकमेकींना चुकवून पुढे जातात, मध्ये धातूची एक जीभ उरते आणि पंच ती पुन्हा कापतो. अशा कडेवर एकाखाली एक दोन चकचकीत पट्टे दिसतात आणि त्यांच्यामध्ये खरखरीत फट असते. क्लिअरन्स जास्त झाला तर गोलाई मोठी होते, चकचकीत पट्टा अरुंद होतो, तुटलेला भाग जास्त तिरपा पडतो आणि बर ओढल्यासारखी लांब उभी राहते. दोन्ही बाबतींत बर येते, परंतु दोन्हींवर ग्राइंडिंग हा उपाय नाही, कारण ग्राइंडिंगने धार येते, क्लिअरन्स बदलत नाही.

तिसरी खूण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भोकाच्या एका बाजूला चकचकीत पट्टा रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल, तर पंच डायच्या मध्यावर उतरत नाही. रुंद पट्ट्याच्या बाजूला फट कमी आहे आणि अरुंद पट्ट्याच्या बाजूला ती जास्त आहे. याचे कारण धारेत शोधू नये. गाइड पिलर आणि बुश (डायचे वरचे व खालचे भाग एका रेषेत ठेवणारे खांब आणि त्यांच्या नळ्या) झिजले आहेत का, रॅमच्या (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाच्या) गिबमध्ये, म्हणजे त्याला सरळ चालवणाऱ्या पट्ट्यांमध्ये, ढिलेपणा आला आहे का, डाय बसवताना बोल्स्टरवर (प्रेसच्या पाटावर) एखादा छिलका राहिला आहे का, हे पाहावे. अशी डाय ग्राइंडिंग करून परत चढवली तर बर काही काळ कमी दिसते आणि मग त्याच बाजूला परत येते, कारण त्या बाजूची धार रोज एकतर्फी घासली जात असते.

धार खरोखरच बोथट झाली असेल तरी पंचाची की डायची, हे कळू शकते. चीर ज्या धारेपासून आधी सुटते ती धार चांगली असते. पंच बोथट असेल तर चीर डायच्या धारेपासून निघते आणि बर स्लगवर किंवा ब्लँकवर जास्त येते. डाय बोथट असेल तर बर भोकाच्या कडेला राहते. म्हणून जॉबबरोबर त्याच फटक्यातला स्लगही उचलून ठेवावा. स्लग न पाहता केलेले निदान अर्धेच असते.

धार लावायचीच असेल तर ती वेळेवर लावावी. धारेची गोलाई लहान असतानाच ०.१ ते ०.२ मिमी काढून काम भागते. बर बोटाला टोचेपर्यंत वाट पाहिली तर काढायचा थर वाढतो. ग्राइंडिंगनंतर पंच आणि डाय यांची चुंबकता उतरवावी आणि जेवढा थर काढला तेवढे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) खाली घालून उंची पूर्ववत करावी, नाहीतर पंच डायमध्ये किती शिरतो हे दर वेळी बदलत राहते.

प्रतिसाद : पहिलीपाळी

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझ्याकडे एक प्रोग्रेसिव्ह डाय (जिच्यात पत्र्याची पट्टी एकेका स्टेशनवर पुढे सरकत जॉब पूर्ण होतो) आहे, पत्रा १.६ मिमी जाडीचा आहे आणि सहा भोके आहेत. बर फक्त एका भोकाला येते, तीही पट्टीच्या कडेकडच्या बाजूलाच. त्या पंचाला धार लावली की काही दिवस ठीक चालते आणि पुन्हा तेच होते. पिलर आणि बुश नवीन आहेत, म्हणून पंच सरकत असेल असे वाटत नाही. आणखी काय तपासावे?

प्रतिसाद : साचाघर

पिलर-बुश चांगले असले तरी एकटा पंच वाकू शकतो, विशेषतः तो बारीक आणि लांब असेल तर. आपण दिलेल्या वर्णनावरून मी दोन गोष्टी आधी पाहीन. एक, त्या भोकापासून पट्टीच्या कापलेल्या कडेपर्यंत अंतर किती आहे. ते जाडीच्या दीडपटीहून कमी असेल तर त्या बाजूचा अरुंद धातू पंचाला आधार न देता बाहेर फुगतो, आणि पंच कमी विरोधाच्या बाजूला ढकलला जातो. हा ढकलण्याचा जोर प्रत्येक फटक्याला एकाच दिशेने लागतो, त्यामुळे धार एकाच बाजूला झिजते. अशा वेळी भोक आधीच्या स्टेशनवर, म्हणजे कड कापण्यापूर्वी, पाडता येते का ते पाहावे. दोन, स्ट्रिपर प्लेट पंचाला खरोखर मार्गदर्शन करते आहे की केवळ पत्रा सोडवते आहे. स्ट्रिपरमधील भोक ढिले असेल तर पंचाचे टोक मोकळे राहते. तिथे कठीण बुश बसवून पंचाला टोकाजवळ आधार दिला की बराच फरक पडतो.

आणि भोकाच्या कडेवर पेनने वरची दिशा खूण करून चारही बाजूंचे पट्टे मोजून ठेवा. दुरुस्तीनंतर त्याच चार जागा मोजल्या तरच दुरुस्ती लागू पडली की नाही ते कळेल.

प्रतिसाद : दुसरीपाळी

याच विषयाला जोडून लिहितो. स्लग वर येण्याचा त्रास आमच्याकडे बराच आहे. पंच परत जाताना स्लग चिकटून वर येतो, पट्टीवर पडतो, पुढच्या फटक्याला जॉबवर खळगा उमटतो आणि कधी कधी शेजारचा पंच तुटतो. धार लावल्यावर हा त्रास वाढतो, हे मला विशेष विचित्र वाटते.

प्रतिसाद : साचाघर

धार ताजी असेल तर पंचाचे तोंड सपाट आणि गुळगुळीत असते, त्याखाली तेलाचा थर बसतो आणि स्लग शोषल्यासारखा चिकटतो. त्यात ग्राइंडिंगची चुंबकता राहिली असेल तर आणखी भर पडते. त्यामुळे आपण पाहिलेली गोष्ट विचित्र नाही, ती तशीच घडते. मोठ्या पंचात स्प्रिंग लावलेली बारीक पिन बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. लहान पंचांत पिन बसत नाही, तिथे पंच डायमध्ये थोडा जास्त उतरवावा, चुंबकता उतरवावी, तेल मोजून द्यावे, आणि क्लिअरन्स मर्यादेच्या वरच्या टोकाला असेल तर तो थोडा कमी करावा, म्हणजे स्लग डायच्या भिंतीला घट्ट धरून राहतो. डायखालून हवेची ओढ देणारी व्यवस्थाही काही ठिकाणी चांगली चालते.

प्रतिसाद : फ्लायव्हील

चर्चा धारेवर चालली आहे, पण प्रेसविषयीही लिहिणे आवश्यक आहे, कारण डायच्या नावावर खपवलेले कितीतरी दोष प्रेसच्या निवडीतून आलेले असतात.

कापण्याला लागणारा जोर काढणे सोपे आहे: कापायच्या रेषेची लांबी गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कातर-ताकद. ५० मिमी व्यासाचे भोक २ मिमी मऊ पोलादात पाडायचे असेल तर परीघ १५७ मिमी, कापले जाणारे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, आणि कातर-ताकद ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर सुमारे १,१०,००० न्यूटन, म्हणजे साधारण ११ टन. पंच पत्र्यातून सोडवायला याच्या आणखी १० ते २० टक्के लागतात. येथपर्यंत सर्वजण हिशेब करतात.

चूक पुढे होते. क्रँक प्रेसवर लिहिलेले टनेज (जास्तीत जास्त जोर) रॅमच्या तळाच्या बिंदूजवळच मिळते. उत्पादक ते तळापासून ठरावीक अंतरावर, उदाहरणार्थ ६ मिमी वर, देतो. त्याहून वर रॅम असताना प्रेस तेवढा जोर देऊ शकत नाही. १०० टनांची, १६० मिमी स्ट्रोकची प्रेस घ्या. कनेक्टिंग रॉडच्या लांबीचा परिणाम बाजूला ठेवला, तर तळापासून ६ मिमी वर १०० टन देणारी ही प्रेस ४० मिमी वर केवळ सुमारे ४४ टन देते. पत्रा कापताना काम अगदी तळाशी होत असल्यामुळे हे जाणवत नाही. पण ४० मिमी खोल ड्रॉ करायचा, म्हणजे पत्रा ओढून वाटीसारखा आकार द्यायचा, असेल तर काम ४० मिमी वरूनच सुरू होते, आणि ‘आपल्याकडे १०० टनांची प्रेस आहे’ हे वाक्य तिथे अर्धवट ठरते. शिवाय एका फटक्याला फ्लायव्हीलमधून (ऊर्जा साठवणाऱ्या जड चाकातून) किती ऊर्जा निघते आणि पुढच्या फटक्यापर्यंत मोटर ती भरून काढते का, हा वेगळा हिशेब. फटक्यागणिक फ्लायव्हील मंदावत असेल तर टनेज पुरेसे असूनही प्रेस अडकते.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. जाड किंवा कठीण पत्रा तुटताना मोठा धक्का बसतो. त्या क्षणापर्यंत प्रेसची फ्रेम ताणली गेलेली असते. पत्रा अचानक तुटला की तो साठलेला ताण एकदम मोकळा होतो आणि रॅम खाली झेपावतो. हा उलटा जोर प्रेसच्या क्षमतेच्या साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये असे बहुतेक यांत्रिक प्रेसबाबत मानतात, आणि अतिताकदीच्या पोलादावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पंचांच्या उंचीत थोडा फरक ठेवून ते एकामागून एक कापतील असे करावे, किंवा धारेला तिरपा उतार द्यावा. उतार कुठे द्यायचा याचा नियम सोपा आहे: भोक पाडताना तो पंचावर द्यावा, कारण वाकलेला स्लग टाकाऊच असतो, ब्लँक काढताना तो डायवर द्यावा, म्हणजे ब्लँक सपाट राहतो.

प्रतिसाद : वाटी_आणि_भांडे

फ्लायव्हील यांनी ड्रॉचा उल्लेख केला म्हणून माझा प्रश्न मांडतो. ५० मिमी व्यासाची, ४० मिमी खोल, १ मिमी पत्र्याची गोल वाटी आम्ही एकाच ड्रॉमध्ये काढतो. काही कॉइलना (पत्र्याच्या गुंडाळ्यांना) सलग चांगले जॉब निघतात, आणि काही कॉइलना तळाच्या कोपऱ्यावर गोलाकार चीर पडून तळ निखळतो. ऑपरेटर ब्लँक होल्डरचा (ब्लँकची कड दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब कमी करतो, तेव्हा चीर थांबते पण फ्लँजवर (वाटीभोवतीच्या सपाट कडेवर) सुरकुत्या येतात. पुरवठादार म्हणतो पत्रा तोच आहे. खरे काय समजावे?

प्रतिसाद : धातुपरीक्षा

आपल्या जॉबचा हिशेब मांडला की बरेचसे उत्तर तिथेच मिळते. पत्र्याची जाडी बदलत नाही असे धरून क्षेत्रफळ सारखे ठेवले, तर ब्लँकचा व्यास म्हणजे वाटीच्या व्यासाचा वर्ग अधिक चारपट व्यास गुणिले खोली, याचे वर्गमूळ. २५०० अधिक ८००० म्हणजे १०,५००, आणि त्याचे वर्गमूळ १०२.५ मिमी. कड छाटण्यासाठीची वाढ यात धरलेलीच नाही. १०२.५ भागिले ५० म्हणजे ड्रॉचे गुणोत्तर २.०५. चांगल्या ड्रॉइंग पत्र्यालाही एका ड्रॉमध्ये साधारण २ च्या आसपास मर्यादा असते. म्हणजे आपण कायम मर्यादेच्या काठावर काम करत आहात, आणि कॉइलमधला अगदी थोडा फरकही तळ निखळायला पुरेसा आहे. हे पुरवठादाराचेही म्हणणे पूर्णपणे खोटे ठरवत नाही.

चीर तळाच्या कोपऱ्यावरच का पडते, ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. ड्रॉमध्ये खरे काम फ्लँजमध्ये होते: बाहेरची कड आत येताना तिचा परीघ लहान व्हावा लागतो, म्हणून ती आडवी दाबली जाते आणि थोडी जाड होते. पंच मात्र तळाला ढकलत असतो, आणि फ्लँज आत ओढण्याचा सगळा जोर वाटीच्या भिंतीतून जातो. त्या वाटेवरचा सर्वांत कमकुवत पट्टा म्हणजे पंचाच्या गोलाईला लागून असलेला, जो आधीच ताणून पातळ झालेला असतो आणि ज्याला भिंतीसारखी पुढची कठीणता मिळालेली नसते. फ्लँज ज्या कारणाने अडकेल, चीर त्याच पट्ट्यावर पडेल. म्हणून तळाची चीर दिसली की पंचाकडे नव्हे, फ्लँजकडे पाहावे: ब्लँक होल्डरचा दाब जास्त आहे का, डायची गोलाई लहान किंवा ओरखडलेली आहे का, तेल पुरते का, ब्लँकची बर डायच्या तोंडावर घासते का. शेवटचा मुद्दा मूळ लेखाशी थेट जोडलेला आहे. ब्लँकिंग डायची बर ड्रॉ डायमध्ये ओरखडे पाडते.

ब्लँक होल्डरचा दाब पोलादासाठी साधारण २ ते ३ न्यूटन प्रति चौरस मिमी असा धरून सुरुवात करतात. डायची गोलाई जाडीच्या ४ ते १० पट ठेवतात. ती लहान केली की ओढ वाढते आणि फार मोठी केली की ब्लँक होल्डरच्या तावडीतून पत्रा लवकर सुटून भिंतीत सुरकुत्या येतात. पंच व डाय यांच्यातील फट एका बाजूला जाडीच्या १.१ ते १.२ पट लागते, कारण कड जाड होते. आपल्या ऑपरेटरने दाब कमी केल्यावर चीर थांबून सुरकुत्या आल्या, याचा अर्थ चीर आणि सुरकुत्या यांच्यामधली सुरक्षित पट्टी जवळजवळ उरलेलीच नाही. दाब फिरवून हा प्रश्न सुटणार नाही.

म्हणून माझा सल्ला दोन ड्रॉंचा आहे. पहिल्या ड्रॉमध्ये ब्लँकच्या ५८ टक्के व्यास धरला तर १०२.५ चे ५९.४ मिमी होतात, आणि वरच्याच सूत्राने पहिल्या वाटीची खोली सुमारे २९ मिमी येते. दुसऱ्या ड्रॉमध्ये ५९.४ वरून ५० वर यायचे म्हणजे सुमारे ८४ टक्के, आणि हे सहज जमण्यासारखे आहे. डायचा खर्च वाढेल, परंतु तळ निखळलेल्या जॉबचा ढीग थांबेल.

आता पत्र्याविषयी. ‘तोच पत्रा’ म्हणजे तीच ग्रेड, आणि ग्रेडमध्ये बरीच मोकळीक असते. डीसी०१ या साध्या ग्रेडची ताण-ताकद २७० ते ४१० न्यूटन प्रति चौरस मिमी एवढ्या रुंद पट्ट्यात चालते आणि लांबण (तुटेपर्यंत पत्रा किती लांबतो) किमान २८ टक्के असते. डीसी०४ या ड्रॉसाठीच्या ग्रेडला ती २७० ते ३५० आणि लांबण किमान ३८ टक्के. डीसी०४ साठी आर-मूल्य किमान १.६ आणि एन-मूल्य (ताणताना धातू किती कठीण होत जातो ते) किमान ०.१८ सांगितलेले आहे, डीसी०१ साठी ही मूल्ये सांगितलेलीच नाहीत. आर-मूल्य जास्त म्हणजे पत्रा ताणताना जाडीऐवजी रुंदीतून धातू देतो, आणि खोल ड्रॉला नेमके तेच हवे असते. तेव्हा पुरवठादाराकडून केवळ ग्रेडचे नाव न घेता प्रत्येक कॉइलच्या दाखल्यावर ही दोन मूल्ये मागावीत, आणि चीर पडलेल्या कॉइलचे आकडे चांगल्या कॉइलशेजारी ठेवून पाहावेत.

वाटीच्या कडेला चार ठिकाणी कान आल्यासारखे उंचवटे येतात का, तेही पाहा. ते पत्र्याच्या दिशेनुसार आर-मूल्य बदलते म्हणून येतात, डायच्या दोषामुळे नव्हे. त्यांचा ताळमेळ छाटणीच्या वाढीत धरावा लागतो.

प्रतिसाद : वाटी_आणि_भांडे

मनःपूर्वक आभार. गुणोत्तराचा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता. एक पुरवणी प्रश्न: हीच वाटी स्टेनलेस ३०४ मध्ये मागितली जात आहे. नमुने चांगले निघाले, परंतु दोन दिवसांनी काही वाट्यांच्या कडेला उभ्या चिरा आढळल्या. ड्रॉ करताना तर त्या नव्हत्या.

प्रतिसाद : धातुपरीक्षा

हा दोष ड्रॉनंतर काही तासांनी किंवा दिवसांनी उघडा पडणारा आहे. ३०४ मधील ऑस्टेनाइट या मऊ रचनेचा काही भाग ताणामुळे मार्टेन्साइट या कठीण रचनेत बदलतो, कड आडवी दाबली गेल्यानंतर तिथे मोठा ताण कोंडून राहतो, आणि तो नंतर उभ्या चिरेने मोकळा होतो. एकाच ड्रॉमध्ये जास्त खोली काढण्याचा मोह टाळावा, कड लवकर छाटावी आणि दोन ड्रॉंच्या मध्ये अॅनीलिंग (तापवून मऊ करणे) करायचे असेल तर ते वाट्या रचून ठेवून नंतर कधीतरी नव्हे, ड्रॉनंतर लगेच करावे. निकेलचे प्रमाण श्रेणीच्या वरच्या टोकाला असलेला पत्रा या बाबतीत अधिक सुरक्षित असतो. स्टेनलेस डायला चिकटून ओरखडे पाडते, म्हणून तेलाचा प्रकारही वेगळा लागेल.

प्रतिसाद : रंगकाम

आमच्या विभागातला अनुभव असा की पॅनेलच्या कमी ताणलेल्या भागावर ज्वाळांसारखे पट्टे दिसतात आणि रंग दिल्यावर ते अधिकच उठतात. डाय पॉलिश करून पाहिली, उपयोग झाला नाही.

प्रतिसाद : धातुपरीक्षा

होणारही नाही, कारण हे पट्टे डायचे नाहीत, पत्र्याच्या वयाचे आहेत. साध्या कमी कार्बनच्या पोलादात कार्बन आणि नायट्रोजनचे अणू कालांतराने धातूतील दोषरेषांना धरून बसतात. मग पत्रा एकसारखा न ताणता पट्ट्यापट्ट्यांनी सुटतो. यालाच ल्यूडर्स रेषा म्हणतात. गिरणीतून निघताना पत्र्याला हलके, साधारण १ टक्क्याच्या आसपास लांबवणारे रोलिंग देतात, त्याने हा दोष तात्पुरता जातो, पण कॉइल महिनोन्महिने उष्ण गोदामात राहिली की तो परततो. जुनी कॉइल आधी वापरावी, प्रेसच्या अगदी आधी रोलर लेव्हलरमधून (पत्रा सपाट करणाऱ्या रोलरांमधून) काढावी, आणि दिसणाऱ्या पॅनेलसाठी शक्य असेल तर आय-एफ पोलाद घ्यावे, कारण त्यात मोकळा कार्बन-नायट्रोजन टायटॅनियम किंवा निओबियमने बांधून टाकलेला असतो आणि ते वयाने बिघडत नाही.

प्रतिसाद : दुसरीपाळी

सुरक्षेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. जुन्या चावी-क्लचच्या प्रेसवर प्रकाशपडदा (हात आत गेला की इशारा देणारे किरण) बसवून आपण सुरक्षित झालो, असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि तो जीवघेणा आहे. त्या क्लचला एकदा चावी पडली की फेरा पूर्ण होईपर्यंत रॅम थांबवताच येत नाही. पडद्याने इशारा दिला तरी रॅम येतोच. तिथे हात आत जाऊच शकणार नाही असे बंद गार्ड किंवा डायला बंदिस्त करणारी जाळीच लागते. फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे रॅम मधेच थांबवता येणाऱ्या, प्रेसवर पडदा चालतो, पण अंतर मोजून. हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात. प्रेस थांबायला एकूण ०.१५ सेकंद लागत असतील तर पडदा धोक्याच्या जागेपासून निदान ३०० मिमी दूर हवा, आणि पडद्याच्या किरणांतील अंतर मोठे असेल तर त्याहून जास्त. ब्रेक झिजला की थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून तो वेळ पुन्हा पुन्हा मोजला पाहिजे. आणि डाय सेट करताना रॅमखाली सेफ्टी ब्लॉक असल्याशिवाय हात आत घालू नये. घाई कितीही असो.

प्रतिसाद : पहिलीपाळी

दुसरीपाळी यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे.

माझ्या डायविषयी: भोक कडेपासून जाडीपेक्षाही जवळ निघाले. ते आधीच्या स्टेशनवर हलवण्याचे काम दिले आहे. आता याच जॉबच्या पुढच्या ऑपरेशनविषयी शेवटचा प्रश्न. ब्रॅकेट ९० अंशांत वाकवतो तेव्हा एक तर कोन ९२ च्या आसपास उघडतो, आणि दुसरे म्हणजे वाकाच्या दोन्ही टोकांना, कापलेल्या कडेपासून सुरू होणाऱ्या बारीक चिरा दिसतात. हल्ली पत्रा जास्त ताकदीचा मागवला आहे, तेव्हापासून दोन्ही त्रास सुरू झाले.

प्रतिसाद : साचाघर

कोन उघडण्याचे कारण सरळ आहे. दाब काढल्यावर पत्रा जेवढा लवचीकपणे ताणलेला असतो तेवढा परत जातो, आणि हा परतावा ताकद वाढली की वाढतो, कारण पोलादाचा ताठपणा मात्र तोच राहतो. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश असल्याने तितक्याच ताकदीला ते साधारण तिप्पट परत येते. आपल्या जॉबला पंचाचा कोन दोनेक अंशांनी लहान करून जास्त वाकवावे, किंवा वाकाच्या आतील गोलाईवर पंचाने शेवटी जोरात दाबून ती बसवावी. दुसरा मार्ग घेतला तर टनेज बरेच वाढते, म्हणून फ्लायव्हील यांनी सांगितलेला हिशेब आधी करून घ्या.

चिरांचे कारण कडेवर आहे. कापताना कडेलगतचा धातू इतका ताणला गेलेला असतो की त्याच्यात पुढे ताणण्याची ताकद फार थोडी उरते, आणि जास्त ताकदीच्या पत्र्यात ती आणखी कमी असते. अशा पत्र्यांसाठी कडेची ही क्षमता मोजण्याची वेगळी चाचणी आहे: १० मिमीचे कापलेले भोक ६० अंशांच्या शंकूने चीर पडेपर्यंत रुंदावतात आणि भोक किती टक्के मोठे झाले ते पाहतात. त्याच पोलादाचे ड्रिल करून रीमर फिरवलेले भोक कापलेल्या भोकापेक्षा पुष्कळ जास्त रुंदावते, यावरून कड किती बिघडलेली असते ते लक्षात येईल. म्हणून पहिली गोष्ट, ब्लँकिंगचा क्लिअरन्स तपासा. मऊ पोलादासाठी ठेवलेला ६ टक्के या पत्र्याला कमी पडतो, एका बाजूला १० ते १५ टक्क्यांपर्यंत जावे लागेल. कडेवर दोन चकचकीत पट्टे दिसत असतील तर हेच कारण. दुसरी गोष्ट, वाकाची रेषा पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला समांतर पडत असेल तर ब्लँकची मांडणी फिरवता येते का ते पाहा. आणि तिसरी, जी आज संध्याकाळीच करून पाहता येईल: बरची बाजू वाकाच्या आतल्या अंगाला येईल असा ब्लँक उलटा ठेवून काही जॉब वाकवा. बाहेरचे अंग ताणले जाते आणि बरच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म चिरा तिथे उघडतात. आतले अंग दाबले जाते, तिथे त्या बंद राहतात. ब्लँक उलटा ठेवल्याने भोकांची जागा बदलत असेल, तर ब्लँकिंग डायच्या ड्रॉइंगवर बरची बाजू लिहून ती टूलरूमला द्यावी लागेल. जॉबचे आणि स्लगचे फोटो कडेकडून काढून इथे टाकलेत, तर क्लिअरन्स नेमका किती वाढवायचा ते आपल्याला पाहून ठरवता येईल.